दुखणं हल्याला, डाग पखालीला

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची म्हण आहे. जुने अडते, हमाल, टांगेवाले ती मोठ्या अभिमानानं सांगत. म्हण बाजारपेठेची. कापूस, सरकी आणि धान्याच्या उलाढालीनं ती जन्माला घातली. पुढं बियाणं आणि पोलाद या दोन धंद्यांनी गावाचं नाव लांबवर नेलं. पण परगावी कुणी भेटलं आणि मी जालन्याचा आहे असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमच्याकडं नळाला कितव्या दिवशी पाणी येतं?’ पाळणा सोन्याचा आणि आतलं लेकरू तान्हेलं, अशी आमची गत आहे.

या तहानेचा इतिहास मी थोडक्यात सांगणार आहे. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. बी.ए.पर्यंत शिकलो आणि कविता लिहीत राहिलो. पण पाण्याशी आमच्या घराण्याचा पोटापाण्याचा संबंध होता, अगदी शब्दशः. तो पुढं येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू. जालना म्हणजे वाळवंट नव्हे. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडं सरासरी सातशेच्या आगेमागे पडतो. दुधना, पूर्णा, गिरिजा, केळना, कुंडलिका अशा नद्या जिल्ह्यातून वाहतात आणि दक्षिणेच्या शिवेवरून खुद्द गोदावरी जाते. अडचण अशी, की हा पाऊस मोजक्या दिवसांत धो धो पडून जातो, एखाद्या वर्षी निम्माच पडतो, आणि खाली काळा कातळ असल्यानं जमिनीच्या पोटात फार मुरत नाही. पडेल ते अडवायचं, जपायचं आणि पुरवून वापरायचं, एवढंच हातात असतं. हे आमच्या आधीच्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

जालन्याच्या पाण्यातलं पहिलं ठळक नाव जमशेदखानाचं. औरंगजेबाच्या काळात तो इथला सुभेदार होता. त्यानं गावात काली मशीद बांधली, हमाम बांधला, सराय बांधली. मोती तलाव त्याचाच. शिवाय गावाला पाणी पुरवण्यासाठी त्यानं जमिनीखालून नळ घातले आणि ठिकठिकाणी हौद बांधले. निजाम सरकारनं १८८४ साली औरंगाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं. भरभराटीच्या काळात या गावाला पाच तलाव होते, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. गावाला लागून पाच तलाव! पुढं १७२५ साली निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकुमावरून काबिलखानानं गढी बांधली, तर तिच्यातही सज्जे आणि दालनं असलेली भली मोठी विहीर. शत्रू दाराशी आला तरी आतल्यांचा घसा कोरडा पडू नये, हा हिशेब.

ही विद्या जमशेदखानानं आभाळातून आणली नव्हती. त्याच्या आधी पाऊणशे वर्षं आमच्या शेजारी, म्हणजे त्या वेळच्या खडकीला, नंतरच्या औरंगाबादला आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मलिक अंबरनं नहर खणली होती. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं डोंगराच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणलं. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. लोक पाणचक्की बघायला जातात, दाणे दळणारं चाक बघून कौतुक करतात आणि परत येतात. मला चाकापेक्षा त्या चाकापर्यंत पाणी आणणारी नहर अधिक महत्त्वाची वाटते. ना मोटार, ना वीज, ना डिझेल. नुसता उतार. मात्र या उताराची एक अट असते. नहरीत आणि हौदात गाळ साचतो, मुळ्या शिरतात, कुठं दगड ढासळतो. वर्षाच्या वर्षाला माणूस आत उतरून ती साफ करत असेल, तरच पाणी चालतं. बांधणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं. आत उतरून गाळ काढणाऱ्याचं कुणी लिहून ठेवत नाही.

मोगलाई ओसरली, राज्यं बदलली, एकोणिसाव्या शतकात जालन्याला इंग्रजांची छावणी आली. १९०० साली मनमाडहून हैदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, तसा कापसाचा व्यापार फुगला, वस्ती वाढली. जमशेदखानाचे नळ मात्र केव्हाच निकामी झाले होते. मग पाणी कसं मिळायचं? आडातून, बारवेतून, नदीतल्या झिऱ्यातून. आणि ज्यांना पैसे देणं परवडे त्यांच्या दारात ते पखालीतून यायचं.

माझे आजोबा पखालजी होते. पखाल म्हणजे जनावराच्या कातड्याची मोठी पिशवी. ती हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर दोन्ही अंगांना लोंबेल अशी टाकायची. खांद्यावर वाहायची ती छोटी, तिला मशक म्हणतात. पहाटे विहिरीवर जायचं, पखाल भरायची, तोंड आवळायचं आणि घरोघर रांजण भरत फिरायचं. आमच्या घरी बोलतात ती दक्खिनी, आणि आजोबांची अर्धी बोली त्या हल्याला उद्देशून असायची, असं अम्मा सांगायची. मराठीत एक म्हण आहे, ‘दुखणं हल्याला आणि डाग पखालीला.’ आजारी जनावराला उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाचा डाग देत. इथं आजारी आहे हल्या, आणि शहाणे डागतात कोणाला, तर त्याच्या पाठीवरच्या कातडी पिशवीला. ही म्हण आमच्या धंद्यातून आली, म्हणून मला ती घरची वाटते. जालन्याच्या पाण्याचा पुढचा इतिहास वाचताना ती वारंवार आठवत राहते.

१९३०च्या दशकात निजाम सरकारच्या काळात शहराच्या वरच्या अंगाला, दहा-बारा किलोमीटरवर, कुंडलिकेच्या पाण्यावर घाणेवाडीचा तलाव झाला. तलाव उंचावर आणि गाव खाली, त्यामुळं उताराच्या जोरावरच पाणी गावात पोचत असे. कल्पना जमशेदखानाचीच, फक्त लोखंडी नळातून. गावाला नळ आला आणि आजोबांचा धंदा बसला. ते अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात गेले आणि घरातली माणसं शेतमजुरी करू लागली. नळ आला म्हणून कुणी रडावं असं मी म्हणणार नाही. रोज मणामणाचं ओझं वाहून जगणारा हल्या आणि त्याच्यामागं चालणारा माणूस दोघं सुटले, ते बरंच झालं.

निजामाचा विषय निघाला म्हणून एक सांगून टाकतो. त्या राजवटीचे गोडवे गाणारे काही आहेत आणि नाव निघताच संतापणारे पुष्कळ. पाण्याच्या बाबतीत हिशेब सरळ आहे. १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद शहरासाठी उस्मानसागर, हिमायतसागर झाले. तेलंगणात मांजरा नदीवर निजामसागर झाला. त्यावर अली नवाज जंगसारखा मोठा अभियंता राबला. मराठवाड्याच्या वाट्याला आले ते घाणेवाडीसारखे लहानसहान तलाव. त्याच काळात गोदावरीच्या वरच्या अंगाला, इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, दारणा धरण १९१६ साली आणि भंडारदरा १९२६ साली उभं राहिलं. नदी एक, पण सरकारं दोन. वरच्या सरकारनं पाणी अडवलं, कालवे काढले, नगर-नाशिकच्या रानात ऊस उभा केला. खालच्या सरकारनं कागदावर धरण आखलं. आज नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा जो वाद पेटतो, त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

कागदावरचं ते धरण म्हणजे जायकवाडी. हैदराबाद संस्थानच्या काळात ते बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरलं होतं. मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. नव्यानं पाहणी झाली आणि जागा सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला हलवली गेली. नाव मात्र तेच राहिलं. म्हणून जायकवाडी गाव एकीकडं आणि जायकवाडी धरण दुसरीकडं, अशी गंमत झाली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. या धरणासाठी त्यांनी पाटबंधारे मंत्री असल्यापासून जीव टाकला होता.

या दोन तारखांच्या मधोमध १९७२ येतं. माझ्या पिढीला काळ मोजायला हे साल पुरतं. मी पाच वर्षांचा होतो. अम्मा आणि अब्बा दुष्काळी कामावर जात. अम्मा खडी फोडायची, अब्बा माती टाकायचे. पाझर तलावाचं काम होतं. दुपारी सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकर. तिचा वास अजून नाकात आहे. राज्यभर मे १९७३मध्ये जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा आकाराला आला. त्या हातांनी रस्ते झाले, नालाबांध झाले, पाझर तलाव झाले. त्यातले कितीतरी नंतर गाळानं भरले, कुठं सांडवा फुटला, कुठं बांधावर बाभळी उगवल्या. बांधायला सरकारचा पैसा होता, मजूर होते, भूक होती. पाऊस आला, मजूर घरी गेले आणि तलावाला वाली उरला नाही. अम्मा म्हणायची, ‘तळं बांधून झालं आणि हजेरीचं पुस्तक मिटलं.’

त्याच सुमाराला जालन्यानं जगाला एक वस्तू दिली. ती जालनेकरांनाही फारशी ठाऊक नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीला कातळात बोअर घेणारी यंत्रं खेड्यांत येऊ लागली. बोअर झाले, वर हापसे बसले. पण ते हापसे बिडाचे आणि विलायती घरगुती पंपांच्या धर्तीचे होते. तिकडं एका कुटुंबानं दिवसातून चार वेळा हलवायचा दांडा इकडं गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हलवायचं. सांधे झिजत, दांडे मोडत. १९७४च्या एका पाहणीत चारांतले तीन हापसे बंद आढळले होते. जालन्यात मिशनशी जोडलेलं विहिरी आणि बोअर खोदण्याचं काम परदेशी मदतीवर चालायचं. तिथल्या कारागिरांनी वेगळा हापसा बनवला. पोलादी, दणकट, आणि अनेक सांध्यांऐवजी एकाच आसावर फिरणारा. त्याला ‘जालना पंप’ असंच म्हणत. सोलापूरच्या कारागिरांनी तो आणखी सुधारला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्याच वळणावर युनिसेफ आणि भारत सरकारच्या पुढाकारानं ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार झाला आणि तो भारतातच नव्हे तर आफ्रिकेतल्या देशांतही लाखोंनी लागला. घाना किंवा सुदानमधली एखादी बाई ज्या दांड्यावर जोर देऊन घागर भरते, त्याच्या वंशावळीत जालना आहे. हापशाची ही कहाणी मला आवडते, कारण इथं दुखणं नेमकं कुठं आहे ते आधी पाहिलं गेलं. पाणी होतं, बोअर होता, मोडत होता तो सांधा. डाग सांध्याला दिला, आणि गुण आला.

हापशापुरतं ठीक होतं. माणसाच्या दंडातलं बळ उपसून उपसून किती उपसणार? नंतर वीज आली, बोअरमध्ये मोटारी उतरल्या. मग दोनशे फूट, चारशे फूट, त्याहून खोल अशी शर्यत लागली आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसू लागला.

आता जायकवाडीकडं परत येऊ. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. तो अंबड, घनसावंगी, परतूर असा आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागातून परभणीकडं जातो. आमच्या खेड्याच्या शिवारात पाणी आलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी पाटाच्या पाण्याला हात जोडलेले मला आठवतात. कालव्यानं दक्षिण भागाचं रूप पालटलं हे खरं आहे आणि ते नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. धरणाखाली शंभराहून अधिक गावं गेली, त्यांचं ऋणही या पाण्यावर आहे. पण धरणाचा मूळ बेत हंगामी पिकांचा होता. ज्वारी, कापूस, गहू, हरभरा अशा पिकांना पाळ्या देऊन जास्तीत जास्त शेतं ओली करायची. प्रत्यक्षात कालव्याच्या अलीकडच्या टोकाला ऊस उभा राहिला, अंकुशनगर-तीर्थपुरीकडं कारखान्यांची धुरांडी उभी राहिली आणि शेपटाकडच्या परभणीच्या शेतकऱ्याला पाटात पाण्याऐवजी गवत दिसू लागलं.

दरम्यान जालना शहर वाढत होतं. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कॉलन्या आल्या. घाणेवाडीचं पाणी पुरेना. कारण दोन होती. तोंडं वाढली होती, आणि तलावात दरसाल गाळ येऊन बसत होता. अनेक दशकं तो निघाला नव्हता. सरळ उपाय असा, की आधी गाळ काढावा आणि मग काय कमी पडतं ते बघावं. पण गाळ काढण्याच्या कामाला ना कोनशिला बसते, ना फीत कापता येते. म्हणून गोदावरीवर शहागडला विहीर घेऊन पन्नासेक किलोमीटरवरून पाणी आणायचं ठरलं. आता उताराचा आधार संपला. वीज असेल तरच पाणी, मोटार चालली तरच पाणी, आणि पैठणच्या धरणातून खाली पाणी सुटलं तरच शहागडच्या पात्रात पाणी. गावाच्या तहानेच्या किल्ल्या चार-पाच वेगवेगळ्या खिशांत गेल्या.

मग २०१२ साल उजाडलं. आदल्या वर्षीचा पाऊस कमी, त्या वर्षीचा त्याहून कमी. दुष्काळाच्या बातम्यांत राज्यात पहिलं नाव जालन्याचं असायचं. घाणेवाडी आटला, शहागडचं पात्र कोरडं, जायकवाडी तळाला. शहरात टँकर हीच नदी झाली. मध्यरात्री दोन वाजता टँकरचा हॉर्न ऐकून गल्ली जागी व्हायची, बादल्या, ड्रम, पातेली, रंगाचे डबे. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध. मोसंबीची बाग उभी करायला चार-पाच वर्षं लागतात आणि वाळायला एक उन्हाळा. लोकांनी विकतच्या पाण्यावर झाडं जगवायचा प्रयत्न केला, मग हात टेकले आणि कुऱ्हाड लावली. आमच्या एका नातलगानं स्वतः लावलेली बाग स्वतः तोडली. त्या दिवशी त्यानं कुणाशीही एक शब्द काढला नाही.

मोहरमला आमच्याकडं सबील लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याला, मग तो कुठल्याही जातीधर्माचा असो, पाणी किंवा सरबत पाजायचं. सन ६८०मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांची लेकरंबाळं फुरात नदीच्या इतक्या जवळ असून तहानेली राहिली, कारण नदीच्या काठावर पहारा होता. ही तहान नदी आटल्यामुळं आलेली नव्हती, हे सबीलवर उभं राहिलं की प्रत्येक वेळी जाणवतं. पैठणच्या नाथांची कथाही आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. काशीहून रामेश्वराला नेत असलेली गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. लांबून, कष्टानं आणलेलं पाणी समोरच्या तहानेल्या जिवाला दिलं. त्या नाथांचंच नाव पैठणच्या जलाशयाला आहे, नाथसागर.

त्याच दुष्काळाच्या सुमारास जायकवाडी ते जालना अशी नवी जलवाहिनी पुरी झाली. अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर. खर्च कोट्यवधींचा. अंतरांचा क्रम पाहा. मोती तलाव गावाला लागून. घाणेवाडी दहा-बारा किलोमीटरवर. शहागड पन्नासवर. आता पैठण. शेजारच्या लातूरनं तर २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरून. पैठणची जलवाहिनी नको होती, असं मी म्हणत नाही. तेव्हा ती नसती तर गाव उठून गेलं असतं. पण धरणातून पाणी निघालं, शहराच्या वेशीवर पोचलं, आणि पुढं गल्लीबोळांतल्या जुन्या, गळक्या नळांत शिरलं. त्यामुळं त्यानंतरही अनेक वर्षं घरात पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनीच येत राहिलं. दुखणं हल्याला होतं. आपण पखाल बदलली, मोठी केली, लांब केली.

मुंबईनंही लांबून लांबून पाणी आणलं, असं कुणी म्हणेल. खरं आहे. १८६०मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं आलं, मग तुळशी, १८९२मध्ये तानसा, मग वैतरणा, भातसा. पण मुंबईनं तानसाचं पाणी आलं म्हणून विहार आणि तुळशी सोडून दिले नाहीत. त्यांचा वाटा आज इवलासा आहे, तरी ते जपले आहेत. आमच्याकडं नवं पाणी आलं, की जुन्याकडं पाठ फिरवायची रीत पडली. पाच तलावांची आठवणसुद्धा गॅझेटियरच्या पानात राहिली. उरलेल्या मोती तलावात गणपती विसर्जन होतं, एवढाच त्याचा गावाशी संबंध.

या रितीला एक अपवाद घडला, तोही त्याच दुष्काळात. घाणेवाडी कोरडा पडला तेव्हा शहरातले व्यापारी, उद्योजक आणि साधी माणसं एकत्र आली, वर्गणी जमली, घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या नावानं यंत्रं लावून गाळ उपसायला सुरुवात झाली. मी तिथं गेलो होतो. तळ्याच्या पोटात ट्रॅक्टरांची रांग लागलेली. शेतकरी स्वतःच्या खर्चानं गाळ नेत होते, मुरमाड रानात पसरत होते. शहराला तो गाळ अडगळ, शेतकऱ्याला ती सुपीक माती. डोंगरउतारावरची माती पाण्याबरोबर खाली गेली होती, ती ट्रॅक्टरमध्ये बसून परत वर चालली होती. कवी माणसाला याहून जास्त काय पाहिजे! पण मला तिथं कविता सुचली नाही. मी आपला हिशेब करत बसलो, की हे काम दर पाच-दहा वर्षांनी करायचं असेल तर कुणाच्या अंदाजपत्रकात त्याला जागा आहे?

जालन्याजवळचं कडवंची गावही पाहण्यासारखं आहे. १९९६च्या सुमाराला मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारानं तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचं काम झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, चर, नाल्यांवर बंधारे. गावानं श्रमदान केलं. काही वर्षांत ज्वारी-बाजरीच्या या गावात द्राक्षबागा दिसू लागल्या आणि २०१२च्या दुष्काळातही त्या तगल्या. आता गावात जिकडं पाहावं तिकडं प्लास्टिक अंथरलेली शेततळी. इथं माझ्या मनात एक शंका येते आणि ती मी कडवंचीतल्या मित्रांनाही बोलून दाखवली आहे. शेततळं पावसानं भरलं तर उत्तमच. ते विहिरीतून, बोअरमधून उपसून भरलं, तर सगळ्यांच्या पोटातलं पाणी एकाच्या मालकीचं होतं आणि उन्हात वाफ होऊन निम्मं-शिम्मं उडतं. मित्र म्हणाले, ‘बाग जगवायची तर दुसरा मार्ग सांगा.’ माझ्याकडं नव्हता.

वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा प्रश्न आता कायद्यात आला आहे. २००५ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यातल्या टंचाईचा भार सगळ्यांनी वाटून घ्यावा, असं तो सांगतो. मेंढेगिरी समितीनं २०१३मध्ये सूत्र दिलं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचं. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. पुढं सूत्राच्या फेरविचारासाठीही समिती बसली. २०२३मध्ये ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला तेव्हा वर नाशिक-नगरमध्ये आंदोलनं, खाली मराठवाड्यात आंदोलनं. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. कोरड्या पात्रातून येताना त्यातलं किती वाळूत मुरतं आणि किती काठावरच्या मोटारी ओढून घेतात, यावरही भांडण.

अशा आंदोलनात मीही एकदा बसलो आहे. मंडपात आमच्या अंबड-घनसावंगीकडचे ऊसवाले शेतकरी होते आणि नाशिकला हक्काचं पाणी मागत होते. मागणी रास्तच होती. माझ्या शेजारी परभणी जिल्ह्यातून आलेले, कालव्याच्या शेपटाकडचे एक म्हातारे काका बसले होते. घोषणा संपल्या, चहा आला. काकांनी कप हातात घेतला आणि मंडपातल्या ऊसवाल्यांकडं बघत मला हळूच विचारलं, ‘पोरा, यांचं नाशिक वर आहे. आमचं नाशिक कुठं आहे, सांगू का?’

मी नको म्हणालो. त्यांनी चहा संपवला आणि मंडपातल्या माणसांकडं बघत राहिले.